गाळातून पशुखाद्यासाठी प्रथिन: टप्प्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

सांडपाणी केंद्राच्या गाळात कॉस्टिक सोडा घाला, ढवळा, आम्ल टाकून साका पाडा आणि वाळवा. एवढ्या चार ओळींवर भिस्त ठेवून बरेच जण कामाला लागतात. हाती येते तपकिरी, खारट, राखेने (म्हणजे न जळणाऱ्या खनिज भागाने) भरलेली पूड, आणि प्रयोगशाळेचा अहवाल तिच्यात ‘४५ टक्के प्रथिन’ असल्याचं सांगतो. ती पूड जनावरापुढे ठेवण्याजोगी नसते. गाळातून प्रथिन सुटं करणं फारसं कठीण नाही. ते खाद्य म्हणून टिकेल का, हे मात्र कॉस्टिकची पिशवी उघडण्याआधीच बहुतांशी ठरलेलं असतं. म्हणून या लेखात पहिल्या तीन टप्प्यांना जास्त जागा दिली आहे. घाईत असाल तर नंतरचं चाळा, पण हे तीन नीट वाचा.

## टप्पा १: कुठला गाळ घ्यायचा

सांडपाणी केंद्रातून ढोबळमानाने तीन प्रकारचा गाळ निघतो. पहिल्या टाकीत बसतो तो प्राथमिक गाळ: केस, चरबी, कागदाचे तंतू, वाळू. एरेशन टँकनंतरच्या (हवा देणाऱ्या टाकीनंतरच्या) क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे निवळण्याच्या टाकीत, बसतो तो दुय्यम गाळ, म्हणजे प्रामुख्याने जिवाणू आणि त्यांनी स्वतःभोवती तयार केलेला चिकट पदार्थ. तिसरा डायजेस्टरमधून (हवाबंद पचन टाकीतून) पचून आलेला. आपल्या कामाचा फक्त दुसरा. पचलेल्या गाळातल्या प्रथिनाचा बराच भाग आधीच अमोनिया होऊन गेलेला असतो. प्राथमिक गाळात जिवाणूंचं प्रथिन कमी आणि नको असलेला ऐवज जास्त. काही केंद्रांत दोन्ही गाळ एकाच खड्ड्यात सोडतात. तिथून नमुना घेऊ नका, क्लॅरिफायरच्या परतीच्या नळातून घ्या.

यापेक्षा मोठा प्रश्न सांडपाण्याच्या उगमाचा. शहराच्या सांडपाण्यात दवाखाने, गॅरेज, मुलामा देणारे कारखाने, रस्त्यावरून वाहून आलेलं पाणी, सगळं येतं, आणि त्यातले जड धातू, औषधांचे अंश, न विघटणारी रसायनं जिवाणूंच्या गाळाला चिकटतात. दूध, बिअर, स्टार्च, फळांचा रस अशा एकाच प्रकारच्या अन्नउद्योगाचा गाळ त्या मानाने ओळखीचा असतो. माझं स्पष्ट मत: पशुखाद्याचा विचार असेल तर शहरी गाळावर वेळ घालवू नका. अन्नउद्योगातही कामगारांच्या स्वच्छतागृहांची लाइन त्याच ईटीपीला (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राला) जोडलेली आहे का ते पाहा. नकाशावर नसते आणि जमिनीखाली असते, असं पुष्कळदा होतं.

इशारा: कायदा आधी, भट्टी नंतर. युरोपीय संघाच्या ७६७/२००९ या नियमावलीत शहरी, घरगुती आणि औद्योगिक सांडपाणी प्रक्रियेतून निघालेला कुठलाही टाकाऊ पदार्थ पशुखाद्यात निषिद्ध आहे, मग त्यावर पुढे कितीही प्रक्रिया केलेली असो. त्याच नियमावलीत एक खुलासा आहे: अन्न वा खाद्य उद्योगातल्या स्वतंत्र नळमार्गातलं ‘प्रक्रियेचं पाणी’ म्हणजे सांडपाणी नव्हे. त्यामुळे अशा बाजारपेठेसाठी माल बनवायचा असेल, तर ते पाणी गटाराला मिळण्याआधीच वेगळं काढून त्यावर जिवाणू वाढवण्याची रचना लागते. एकदा मिसळलेलं पाणी नंतर कागदोपत्री वेगळं करता येत नाही. तुमच्याकडे कुठला नियम लागू आहे, याचं उत्तर नियामकाकडून लेखी घ्या.

गाळाचं वयही विचारा. एरेशन टँकमध्ये वीस-पंचवीस दिवस फिरलेल्या गाळात मेलेल्या पेशींचे अवशेष आणि ह्युमिक पदार्थ (कुजलेल्या सेंद्रिय द्रव्याचे गडद, चिवट अवशेष) वाढलेले असतात. दहा दिवसांच्या आतला गाळ बरा. ह्युमिक पदार्थ इतके का नडतात ते सहाव्या टप्प्यात येईल.

शेवटचं, गाळ पॉलिमर घालण्याच्या आधीचा हवा. पाणी काढण्यासाठी वापरलेलं पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड नंतर निघत नाही, शिवाय पेशी फोडताना ते आड येतं. फॉस्फरससाठी फेरिक क्लोराइड वा तुरटी घालणाऱ्या केंद्रातला गाळही टाळा. राख वाढते, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम पार पुडीपर्यंत येतात.

## टप्पा २: काम सुरू करण्याआधीच्या चाचण्या

एका दिवसाचा एक नमुना पुरत नाही. कारखान्याचं उत्पादन, धुण्याचे दिवस, हंगाम बदलले की गाळ बदलतो. काही आठवडे वेगवेगळ्या पाळ्यांचे नमुने घेऊन प्रत्येकात खालील गोष्टी मोजा.

घन पदार्थ आणि राख. क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ साधारण ०.५ ते १ टक्का घन असतो. वाळवलेल्या गाळात राख ३० टक्क्यांच्या पुढे असेल तर पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

जड धातू. युरोपीय संघात खाद्यघटकांसाठी सर्वसाधारण कमाल मर्यादा, १२ टक्के ओलावा धरून, दर किलोला अशा आहेत: आर्सेनिक २ मिलिग्रॅम, शिसं १० मिलिग्रॅम, पारा ०.१ मिलिग्रॅम, कॅडमियम वनस्पतिजन्य घटकात १ आणि प्राणिजन्य घटकात २ मिलिग्रॅम. मूळ गाळच या आकड्यांच्या वर असेल तर तो सोडून द्या. ‘प्रक्रियेत धातू निघून जातील’ ही आशा धोक्याची आहे. कॅडमियम आणि निकेल क्षारी पाण्यात बऱ्याच अंशी चोथ्यातच राहतात हे खरं. पण शिसं आणि जस्त जास्त क्षारात विरघळतात, आर्सेनिकही द्रवात उतरतं, आणि पारा प्रथिनातल्या गंधकाला धरून थेट मालाबरोबर चालत येतो. चोथा मागे टाकून प्रथिन घट्ट केलं की त्याला चिकटलेला धातूही घट्ट होतो.

खरं प्रथिन. सर्वांत जास्त फसगत इथे होते. जेल्डाल पद्धत एकूण नायट्रोजन मोजते आणि त्याला ६.२५ ने गुणून ‘क्रूड प्रोटीन’ सांगते. जिवाणूंच्या गाळात नायट्रोजन अमोनियात असतो, न्यूक्लिइक आम्लांत (डीएनए, आरएनए) असतो, पेशीभित्तीच्या शर्करांतही असतो. समजा, कोरड्या गाळात नायट्रोजन ७ टक्के आला. सरळ गुणाकार केला तर प्रथिन ४३.८ टक्के. त्यातला ०.६ टक्का अमोनियाचा निघाला आणि न्यूक्लिइक आम्लं ८ टक्के असली (त्यांत नायट्रोजन सुमारे १६ टक्के, म्हणजे १.३), तर उरतो ५.१. आता प्रथिन ३२ टक्क्यांच्या आसपास. पेशीभित्तीचा हिशेब अजून केलेलाच नाही.

रंगावर चालणाऱ्या चाचण्यांचेही डाव आहेत. लोरी पद्धतीत ह्युमिक पदार्थही रंग देतात, म्हणून त्यासाठीची सुधारित लोरी वापरा. ब्रॅडफर्ड लहान पेप्टाइड पकडत नाही, त्यामुळे क्षाराने तुटलेल्या प्रथिनाचा आकडा ती कमी दाखवते. एक पद्धत निवडा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. सुरुवातीला आणि शेवटी मात्र अमिनो आम्लांचं पूर्ण विश्लेषण करून घ्या, खरी बेरीज तीच.

तपासा: धातू मर्यादेत, राख ३० टक्क्यांखाली, अमिनो आम्लांची बेरीज किमान कोरड्या गाळाच्या ३० टक्के. तिन्हींतलं एक जरी नसलं तरी स्रोत बदला. प्रक्रिया बदलून हे भागत नाही.

## टप्पा ३: ताजेपणा, चाळणं, धुणं, घट्ट करणं

गाळ जिवंत असतो. हवा बंद झाली की काही तासांत तो कुजायला लागतो: प्रथिन तुटून अमोनिया होतो, पुट्रेसिन, कॅडाव्हेरिन, हिस्टामिन यांसारखे जैव अमाइन तयार होतात, सल्फाइड साठतं. हे अमाइन उष्णतेनेही सहज जात नाहीत. काढल्याबरोबर ४ अंशांपर्यंत थंड करा आणि त्याच दिवशी वापरा. बंद कॅनमध्ये दोन दिवस गाडीत फिरलेल्या गाळावर प्रयोग करून ‘पद्धत चालत नाही’ असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

मग क्रम असा:

१. एक मिलिमीटरच्या आसपासच्या जाळीतून चाळा. केस, बिया, प्लास्टिकचे तुकडे आत्ताच निघायला हवेत. पेशी फुटल्यावर सगळं चिकट होतं आणि जाळी तुंबते.

२. स्वच्छ पाण्याने एक-दोनदा धुवा. ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओतून टाका. विरघळलेला अमोनिया, मीठ, सल्फाइड जातात. हा टप्पा वगळणाऱ्यांना नंतर आकड्यांचा मेळ लागत नाही.

३. बसवून किंवा सेंट्रिफ्यूजने २ ते ३ टक्के घनापर्यंत आणा. त्याहून पातळ ठेवला तर कॉस्टिक आणि आम्ल पाण्यावरच खर्च होतं. फार घट्ट केला तर ढवळणी फिरते पण गाळ जागचा हलत नाही.

## टप्पा ४: पेशी फोडणं

साधी पद्धत क्षाराची. कॉस्टिक सोड्याने पीएच १२ पर्यंत न्यायचा, खोलीच्या तापमानाला किंवा फार तर ५० अंशांपर्यंत, एक ते दोन तास संथ ढवळायचं. सोबत अल्ट्रासाउंड दिलं तर पेशी अधिक फुटतात, पण त्याने गाळ तापतो आणि कण इतके बारीक होतात की पुढे ते वेगळे करणं जड जातं. पहिल्या फेऱ्या नुसत्या क्षारावर करा.

कॉस्टिक किती लागेल हे सूत्राने ठरवू नका. गाळ बराच क्षार स्वतःच शोषून घेतो. एक लिटर गाळ घेऊन थेंबाथेंबाने घालत पीएच आणि खर्च झालेलं प्रमाण लिहा, त्यावरून मोठ्या टाकीचा हिशेब करा. अर्ध्या तासाने पीएच खाली आलेला दिसेल, तेव्हा थोडं आणखी घालावं लागेल.

चुना वापरू नका. स्वस्त आहे आणि पीएच १२ च्या पुढे सहज नेतो, पण कॅल्शियम सुट्या झालेल्या प्रथिनाला आणि चिकट पदार्थाला पुन्हा बांधून खाली बसवतो. पीएच बरोबर दिसतो, द्रवात मात्र प्रथिन नसतं.

पीएच मीटरही इथे फसवतो. सोडियम जास्त आणि पीएच उच्च असताना साधं काचेचं इलेक्ट्रोड खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, म्हणून माणूस कॉस्टिक घालतच राहतो. उच्च पीएचसाठीचं इलेक्ट्रोड घ्या. ७ आणि १० पीएचच्या बफरबरोबर (पीएच ठरलेला असलेल्या द्रावणांबरोबर) संपृक्त चुन्याच्या निवळीवरही तपासा. २५ अंशांना ती सुमारे १२.४५ दाखवायला हवी.

आता मोह टाळण्याची गोष्ट. तापमान ८०-९० अंशांवर नेलं, वेळ दुप्पट केला की द्रवातलं प्रथिन वाढलेलं दिसतं. ते आकडे पाहून सगळे खूश होतात. पण क्षार आणि उष्णता एकत्र आली की लायसिन आणि सिस्टिन ही अमिनो आम्लं खर्ची पडून लायसिनोअ‍ॅलॅनिन हे नको असलेलं संयुग बनतं. अमिनो आम्लांची रचना उलटते आणि ती जनावराच्या पचनात उपयोगी पडत नाहीत. शिवाय प्रथिनाचे तुकडे इतके लहान होतात की पुढे कुठल्याच पीएचला त्यांचा साका पडत नाही. जास्त विरघळलं म्हणजे जास्त हाती आलं, असं नाही.

इशारा: पीएच ९ च्या वर अमोनिया वायू सुटतो. उघड्या हवेत किंवा सक्शनखाली काम करा, चष्मा आणि हातमोजे काढू नका. अ‍ॅल्युमिनियमचं भांडं चालणार नाही, कॉस्टिक ते खातो आणि हायड्रोजन सोडतो.

## टप्पा ५: क्षारी असतानाच चोथा वेगळा करा

हा क्रम सर्रास उलटा केला जातो. गाळ क्षारी असताना सेंट्रिफ्यूज करायचा: प्रथिन द्रवात, फुटलेल्या पेशींची टरफलं, राख आणि बरेचसे धातू चोथ्यात. चोथा न काढता थेट आम्ल घातलं तर सगळं पुन्हा एकत्र खाली बसतं, म्हणजे दोन रसायनं खर्च करून आपण मूळ गाळच परत मिळवतो.

छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये दहा हजार जीला (गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजार पट जोराला) वीस मिनिटं फिरवून मिळालेली निवळ मोठ्या डिकँटरमधून (सतत चालणाऱ्या औद्योगिक सेंट्रिफ्यूजमधून) तशीच मिळेल, असं धरू नका. त्याचा जोर बराच कमी असतो. मोठं काम डोळ्यासमोर असेल तर सुरुवातीच्या चाचण्याही कमी जोरावर करा.

चोथ्यात अडकलेल्या द्रवात बरंच प्रथिन राहतं. पीएच १२ च्या थोड्या पाण्याने चोथा एकदा धुऊन ते पाणी निवळीत मिसळा.

तपासा: निवळीतलं आणि चोथ्यातलं प्रथिन मिळून मूळ गाळाएवढं भरतं का? दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर मोजणीत चूक आहे. ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नका.

## टप्पा ६: आम्लाने साका

प्रथिनावरचा धन आणि ऋण भार ज्या पीएचला सारखा होतो, तिथे ते पाण्यात तरंगत राहू शकत नाही, दूध नासावं तसं फुटतं. गाळातलं प्रथिन एकाच जातीचं नसल्याने हा बिंदूही एकच नसतो, बहुधा ३ ते ४ च्या दरम्यान सापडतो. दुसऱ्याचा आकडा उचलण्यापेक्षा सहा चंचुपात्रं घ्या: २.५, ३.०, ३.३, ३.६, ४.० आणि ४.५. प्रत्येकात साका बसू द्या आणि वरच्या पाण्यात उरलेलं प्रथिन मोजा. सर्वांत कमी जिथे, तो तुमचा पीएच. साका किती उंच दिसतो यावर जाऊ नका, फुगीर साक्यात नुसतं पाणी असतं.

हायड्रोक्लोरिक आम्ल आधी पाण्यात पातळ करून (आम्ल पाण्यात, उलट कधीच नाही) हळूहळू घाला आणि ढवळत राहा. घाईत पीएच खाली घसरला तर साक्याचा काही भाग पुन्हा विरघळतो. परत वर आणायला कॉस्टिक घातला की मीठ वाढतं. अर्धा ते एक तास थंडीत बसू द्या, मग सेंट्रिफ्यूज.

इशारा: हायड्रोजन सल्फाइड. शिळ्या गाळातलं सल्फाइड क्षारात लपलेलं असतं आणि आम्ल पडताच वायू होऊन बाहेर येतं. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची क्षमताच जाते, म्हणून ‘वास थांबला’ ही सुरक्षिततेची खूण नव्हे. वायूमापक लावल्याशिवाय आणि हवा खेळती असल्याशिवाय हा टप्पा करू नका. एकट्याने तर मुळीच नाही.

आता ह्युमिक पदार्थांकडे. मातीतून ह्युमिक आम्ल काढण्याची पद्धत काय? क्षारात विरघळवा, आम्लात खाली बसवा. म्हणजे हीच. त्यामुळे जुन्या गाळातले ह्युमिक पदार्थ प्रथिनाच्या बरोबरीने येतात आणि साका गडद तपकिरी होतो. न्यूक्लिइक आम्लांचाही काही भाग सोबत येतो. तरुण गाळ घेणं हाच त्यावरचा खरा उपाय, नंतर साका धुऊन ह्युमिक जात नाहीत.

## टप्पा ७: धुणं, निर्जंतुक करणं, वाळवणं

एक किलो कॉस्टिक आणि त्याला पुरेल एवढं हायड्रोक्लोरिक आम्ल मिळून सुमारे १.४६ किलो मीठ तयार होतं. साका न धुता वाळवला तर त्यातलं बरंच पुडीत उतरतं. धुताना साधं पाणी वापरू नका, कारण पीएच वर जातो आणि प्रथिन पुन्हा विरघळून पाण्याबरोबर जातं. साका पडला त्याच पीएचचं पाणी घ्या, दोनदा धुवा, दर वेळी वरच्या पाण्याची विद्युतवाहकता मोजा. ती उतरायची थांबली की पुरे. मग थोड्या कॉस्टिकने लगदा ६ च्या आसपास आणा.

पीएच १२ मध्ये बहुतेक जिवाणू मरतात, पण क्लॉस्ट्रिडियम आणि बॅसिलसचे बीजाणू तग धरतात. वाळवणं म्हणजे निर्जंतुकीकरण नव्हे, साल्मोनेला कोरड्या पुडीत महिनोन्महिने राहू शकतो. म्हणून लगदा ओला असतानाच दाबाखाली वाफेची उष्णता द्यावी लागते. पशुजन्य पदार्थांसाठीची युरोपातली सर्वांत कडक रीत १३३ अंश, ३ बार, २० मिनिटं अशी आहे. उष्णतेत शर्करांशी जुळून लायसिनचं नुकसान होतं, म्हणून शर्करा आधी धुऊन गेलेल्या असणं महत्त्वाचं.

यानंतर कच्च्या बाजूची भांडी, हातमोजे, फावडी पक्क्या बाजूला येता कामा नयेत. खोल्या वेगळ्या नसतील तर निदान दिवस वेगळे ठेवा.

वाळवताना पातळ थर, ६० अंश, ओलावा १० टक्क्यांखाली. स्प्रे ड्रायर असेल तर उत्तम.

## टप्पा ८: मालाची तपासणी

गाळाच्या चाचण्या मालावर पुन्हा, आणि त्यात भर:

- साल्मोनेला: २५ ग्रॅममध्ये शून्य. एन्टेरोबॅक्टेरिएसीची (आतड्यातल्या जिवाणूंच्या कुळाची) मोजणी.
- मीठ, राख, जैव अमाइन.
- पेप्सिन या जठरातल्या विकराने किती पचतं. काळपट पुडीत हा आकडा हमखास घसरतो.
- मिथिओनिन आणि सिस्टिनसाठी आधी ऑक्सिडीकरण करणारी, तर ट्रिप्टोफॅनसाठी क्षारी विघटनाची वेगळी चाचणी मागा. नेहमीच्या आम्ल विघटनात ट्रिप्टोफॅन नष्ट होतं, आणि अहवालात ते ‘नाही’ म्हणून येतं.
- न्यूक्लिइक आम्लं. माशांमध्ये यूरिकेज हे यूरिक आम्ल मोडणारं विकर असतं, त्यामुळे ते ही आम्लं बऱ्यापैकी झेपवतात. पहिली चाचणी मत्स्यखाद्यात घेण्याचं एक कारण हेच.

खाऊ घालण्याची चाचणी पशुआहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली आणि परवानगीनंतरच. नेहमीच्या खाद्यावर एक गट, थोडं प्रथिन बदललेला दुसरा. वाढीबरोबर यकृत आणि मूत्रपिंडातले धातूही तपासा. चाचणीतली जनावरं माणसाच्या अन्नात जाणार नाहीत, हे आधीच ठरवून ठेवा.

किती माल निघेल याचा अंदाज आधी कागदावर मांडा. समजा २ टक्के घनाचा १०० लिटर गाळ: कोरडा २ किलो, खरं प्रथिन ३५ टक्के, म्हणजे ७०० ग्रॅम. त्यातलं ६० टक्के विरघळलं तर ४२०. त्याचा ७५ टक्के साका पडला तर ३१५, धुण्यात थोडं गेलं तर २८०. दर टप्प्याचं ‘चांगलं’ प्रमाण एकमेकांत गुणलं की शेवट असा चाळीस टक्क्यांवर येतो.

## उरलेलं पाणी आणि चोथा

साका काढल्यावरच्या आम्ल पाण्यात लहान पेप्टाइड, अमोनिया, फॉस्फेट आणि मीठ असतं. पीएच ७ करून ते केंद्राच्या सुरुवातीला परत सोडता येतं, पण दिवसभरात थोडं थोडं. एकदम ओतलं तर एरेशन टँकवर ताण येतो आणि पुढच्या खेपेचा गाळच बिघडतो. चोथा डायजेस्टरला चालतो. तिथे सोडियम दर लिटरला ३.५ ग्रॅमच्या पुढे गेलं की मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव मंदावतात, म्हणून चोथ्याचा पीएच उतरवा आणि दुसऱ्या गाळात मिसळूनच घाला. शेतात टाकायचा असेल तर धातूंची चाचणी नव्याने करून घ्या. प्रथिन निघून गेल्याने त्यातल्या धातूंचं प्रमाण मूळ गाळापेक्षा वाढलेलं असतं, जुना अहवाल त्याला लागू होत नाही.